कोरडीची भाषा

तिला सगळे कोरडी म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. "काय कोरडे, आज तरी पाझर फुटणार का?" असं कोणीतरी हसत विचारायचं आणि तीही हसायची. ती माझी धाकटी जाऊ. हे नाव तिला कोणी ठेवलं ते मी सांगणार नव्हते. पण एवढं सगळं सांगायला बसलेच आहे, तर हातचं राखून कशाला सांगू? मीच ठेवलं.

आमची प्रार्थनासभा दर रविवारी टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरते. बाहेरून लोखंडी जिना, आत लांबट खोली, आणि रबराचा वास असा की सभेचे कपडे दोनदा धुतले तरी ओळखू येतात. पुढे पाळकांचं टेबल, मग खुर्च्यांच्या सहा रांगा, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून एक बाक. ज्याला अन्य भाषेचं दान मिळालेलं नाही त्याने त्या बाकावर बसायचं. आमच्यात नुसता बाप्तिस्मा घेऊन भागत नाही. पवित्र आत्मा अंगावर उतरावा लागतो. आणि तो उतरला हे कशावरून ओळखायचं, तर माणूस प्रार्थना करता करता अशा भाषेत बोलायला लागतो जी त्याला येत नाही, खोलीतल्या कोणालाच येत नाही. जीभ सुटली की टाळ्या, मिठ्या आणि पुढे खुर्ची. नाही सुटली की बाक.

बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत होऊन जातं. एक तोतरा सुतार आला होता. स्वतःचं नाव सांगायला त्याला अर्धं मिनिट लागायचं. तिसऱ्या रविवारी तो अन्य भाषेत असा घडाघडा सुटला की पाळकांनाच त्याला आवरावं लागलं. बँकेतला शिपाई, कॉलेजातल्या दोन पोरी, एक अर्धवट बहिरी म्हातारी, सगळे माझ्या जावेशेजारी येऊन बसले आणि उठून पुढे गेले. ती आपली सरकून नव्या माणसाला जागा करून द्यायची. अशी नऊ वर्षं गेली.

बरं, प्रयत्न कमी पडले म्हणावं तर तेही नाही. दर महिन्याला एकदा तिला मधोमध गुडघ्यांवर बसवायचे. सहा-सात बायका तिच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवायच्या. "जीभ सैल सोड." "पहिला शब्द तू दे, पुढचे तो देईल." "जबडा हलव ग, जबडा हलव." ती तोंड उघडून बसायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून श्वासाशिवाय काही नाही. तासाभराने बायकांचे हात भरून यायचे आणि एकेक जण उठून चहाकडे जायची. ती उठून गुडघे झटकायची आणि बाकावर जाऊन बसायची.

मुळात तिला बोलायचीच सवय नव्हती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजाच्या मशीनवर होती. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, समोर शर्टांचा गठ्ठा, एका शर्टाला सात काजं. तिथल्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलू शकत नाही, बोटं सांभाळायची असतात. घरी आली तरी "हो", "नाही", "बघते", संपलं. मूलबाळ नव्हतं. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, या पोरीचं तोंड देवाने फक्त जेवायला दिलंय.

आणि नवरा मिळाला तो बोलघेवडा. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दिवसभर गिऱ्हाइकांना हसवायचे आणि रविवारी सभा गाजवायचे. त्यांची जीभ सतराव्या वर्षीच सुटली होती. ते अन्य भाषेत सुरू झाले की शेजारी बसलेला माणूस रडायला लागायचा, इतका गोड आवाज. फक्त एक वाईट होतं. त्यांना अकराव्या वर्षापासून शुगर. म्हातारपणी होते ती नव्हे. त्यांच्या अंगात इन्सुलिन बनतच नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ सुई. आधी सासूबाई टोचायच्या, लग्नानंतर ही. डॉक्टरांनी आम्हा दोघी जावांना समोर बसवून सांगितलं होतं, की एक दिवस चुकलं तर त्रास होईल, चार दिवस चुकलं तर माणूस हातचा जाईल. भाऊजींनी स्वतः कधी सुईला हात लावला नाही. डोळे मिटून दंड पुढे करायचे आणि ती टोचायची. एका हाताने काजं आणि दुसऱ्या हाताने सुई, असा तिचा संसार.

भाऊजी बरे व्हावेत म्हणून सभेत वर्षानुवर्षं प्रार्थना चालली होती. गुण येत नव्हता. मग एका रविवारी त्याचं कारण सापडलं.

आता इथे अर्थवाल्या बाईंबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे नियम आहे, की कोणी मोठ्याने अन्य भाषेत बोललं तर दुसऱ्या कोणीतरी त्याचा अर्थ सांगायचा. ते दान मंडळीत एकाच बाईंना आहे. निवृत्त मुख्याध्यापिका. ताठ मान, पांढरे केस, आवाज असा की पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटावं. त्यांनी सांगितलेल्या अर्थावर अपील नाही. त्या लबाड नाहीत बरं का. लबाड असत्या तर परवडलं असतं, लबाड माणूस चार बाजू बघून बोलतो. ह्या डोळे मिटून बोलतात.

त्या रविवारी कोणीतरी बोललं, आणि बाई उभ्या राहिल्या. "मी या माणसाचं शरीर केव्हाच बरं केलं असतं. पण त्याच्या घरात एक दार बंद आहे." एवढंच. नाव कोणी घेतलं नाही. गरजच नव्हती. साठ माणसं मागे वळून बाकाकडे बघायला लागली. मीही वळले.

ती खाली बघत राहिली. त्या संध्याकाळी तिने सुई भरली आणि विचारलं, "देऊ?" भाऊजी म्हणाले, "दे. तुझ्यामुळेच तर घेतोय." हे तिनेच मला नंतर सांगितलं. तिच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बुधवारी ती कामावरून सरळ माझ्याकडे आली. आमचं घर एक गल्ली सोडून. मी भांडी घासत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मला शिकवा."

"काय शिकवू?"

"बोलायला. अन्य भाषा."

"ते काय शिकवायचं असतं होय? ते वरून येतं."

"मला नाही येत वरून," ती म्हणाली. "तुम्हाला कसं आलं तेवढं सांगा. तुमच्यासारखं करते."

मला कसं आलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही. मी एकोणीस वर्षांची होते. सकाळपासून उपाशी, गुडघे सोललेले, डोक्यावर सहा बायकांच्या हातांचं वजन. मान मोडायची वेळ आली होती. कानात एकजण सारखी "बोल, बोल, बोल". मी तोंड उघडलं आणि तान्ह्या बाळाशी आपण बोलतो तसं काहीतरी बोबडं बाहेर पडलं. सगळ्या एकदम ओरडल्या आणि हात निघाले. मान मोकळी झाली. ते देवाकडून आलं की मानेकडून, हे मी स्वतःला परत कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी नळ मोठा सोडला, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तिला शिकवलं. डोळे गच्च मिटू नकोस, सोंग वाटतं. एकच आवाज तीनदा काढू नकोस. मधे श्वास घे, पण ओठ हलते ठेव. शेवटी आवाज खाली आण. तिने सुरुवात केली तर तोंडातून "लाला लिला" असं काहीतरी आलं आणि मला हसू फुटलं. तीही हसली. दोघी ओट्याला धरून हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत आम्ही जावा-जावा अशा कधी हसलो नव्हतो.

मग मला सुचलं. म्हटलं, "दिवसभर काय ऐकतेस ग तू? मशीनच ना? त्या मशीनच्या चालीवर बोल." झालं. काजाचं मशीन आधी भरभर जातं, टोकाला वळतं, परत भरभर येतं आणि खाडकन पातं पडतं. तिने तोंडाने तसं केलं. भरभर, वळण, भरभर, थांबा. त्यात आपली अक्षरं पेरत गेली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला.

तिची कीव आली म्हणून शिकवलं असं म्हणायला मला आवडलं असतं. थोडी आलीही असेल. पण आमचे हे मंडळीचे पंच. पंचाची सख्खी भावजय नऊ वर्षं बाकावर, म्हणजे दर रविवारी आमचं नाक कापलं जायचं. मला ते बाक रिकामं झालेलं हवं होतं.

त्या रविवारी भजन संपलं, सगळे हात वर करून आपापली प्रार्थना करत होते, आणि मागून तिचा आवाज आला. आधी हळू, मग मोठा. एकेक करून बाकीचे गप्प झाले. पाळक टेबल सोडून पुढे आले. ती उभी होती, डोळे अर्धवट मिटलेले, आणि जीभ अशी चालली होती की मी शिकवलेलं त्यात कुठे संपतं ते मलाही कळेना. भाऊजी खुर्चीवरून उठले ते रडतच. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

पण नियम तो नियम. मोठ्याने बोललं की अर्थ आला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या सभेत बसले तिचा साधा नियम मी विसरले. अर्थवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"दार उघडलं आहे," त्या म्हणाल्या. "या घरातला पुरुष आजपासून बरा आहे. मी घडवलेल्या कातडीला आता सुई टोचू नका."

खोली नुसती दणाणून गेली. लोक नाचत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. भाऊजींनी तिचा हात धरून सगळ्यांसमोर तिला पुढे नेलं. लग्नाच्या दिवसानंतर चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ती त्या गर्दीतून माझ्याकडे बघत होती. सुईचं आता काय होणार ते मला कळलं, पण मी टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत होते.

घरी गेल्या गेल्या भाऊजींनी फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या बाटल्या मोरीत फोडल्या. सुया कचऱ्यात टाकल्या. तेव्हा तिने त्यांना सांगितलं. की ते खोटं होतं, की मी तिला शिकवलं. दिवस मावळायच्या आत दोघं माझ्या दारात उभे. भाऊजींनी तिचं मनगट धरलेलं. आमचे हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"वहिनी, ही काय बडबडते ऐका," भाऊजी म्हणाले. "म्हणते, तुम्ही शिकवलं हिला."

ह्यांनी पेपर खाली घेतला. दोघं भाऊ माझ्याकडे बघत होते. भाऊजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मनातून भीती होती त्यांना, मला दिसत होती. मी "हो" म्हणाले असते तर त्यांनी त्याच पावली जाऊन औषधाचं दुकान गाठलं असतं. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला होता. हिचं शिकवलेलं, तर तुझं कुठलं? आणि तुझं असं, तर पहिल्या रांगेतल्या बाकीच्यांचं काय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. हा सगळा विचार करायला मला एक क्षण लागला.

"अगं बाई," मी म्हटलं, "ते काय भरतकाम आहे शिकवायला?"

भाऊजी हसले. सुटल्यासारखे हसले.

"ताई," ती म्हणाली, "बुधवारी. नळ सोडून."

"नळ तर माझा रोजच चालू असतो," मी म्हटलं.

ती रडली नाही, भांडली नाही. आमचे हे म्हणाले, मोठं दान मिळालं की सैतान पहिल्यांदा संशय घेऊन दाराशी येतो. मग दोघा भावांनी तिला मधे बसवलं आणि तिच्यातला संशय जावा म्हणून प्रार्थना केली. मीही हात ठेवला.

सोमवारी भाऊजी कामावर गेले. दुकानात सगळ्यांना केक वाटला आणि स्वतः दोन तुकडे खाल्ले. मंगळवारी तहान सुरू झाली. तांब्यामागून तांब्या पाणी. अंग उतरत होतं, पण म्हणत होते, शरीर आतून स्वच्छ होतंय. तिने एक नवी बाटली आणि सुई आणून कारखान्याच्या फ्रिजमध्ये लपवून ठेवली होती. मंगळवारी दुपारी रजा टाकून घरी आली. ते पडले होते, तिने झोपेत सुई द्यायचा प्रयत्न केला. ते जागे झाले. बाटली भिंतीवर गेली आणि त्यांनी तिला मारलं. चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. "मला मारायला निघालीस?" असं ओरडत होते म्हणे.

बुधवारी उलट्या. ती डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा. भाऊजी शुद्धीवर होते, बोलत होते. म्हणाले, "कागद आणा, मी लिहून देतो, मला यायचं नाही." डॉक्टर चिडून निघून गेले. शुद्धीतल्या माणसाला उचलून कोण नेणार?

त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. गालावर काळं-निळं. चप्पल पायात नव्हती.

"ताई, तुम्ही एकदा सांगा. मला मंडळीतून काढू देत, घरातून काढू देत. सगळं माझ्यावर घाला. मी तुमच्या मागे लागून शिकवून घेतलं म्हणा. पण सांगा. तुमचं ऐकतील ते."

"आता सांगून कोण ऐकणार?"

"ते ऐकतील. अजून बोलताहेत. ऐकतील."

मी म्हटलं, "चल." देवाशपथ, सांगायचंच म्हणून निघाले. गल्ली ओलांडेपर्यंत शब्दसुद्धा जुळवले होते. भाऊजी, ही खरं बोलतेय, सुई घ्या, बाकीचं मग बघू. एवढंच तर बोलायचं होतं.

त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाळक, अर्थवाल्या बाई, तोतरा सुतार, आमचे हे खाटेशी गुडघे टेकून. भाऊजींचा श्वास खोल खोल चालला होता आणि खोलीत सडक्या फळांसारखा वास होता. त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं आणि ओठ हलवले, "वहिनी." पाळकांनी सरकून मला उशाशी जागा दिली. म्हणाले, "बरं झालं आलात. तुम्ही सुरू करा."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. ती दारात उभी, चौकट धरून. मी भाऊजींच्या कपाळावर हात ठेवला. तोंड उघडलं. आणि अन्य भाषेत बोलायला लागले. सवयीची जीभ, आपोआप चालते. बाकीचे सगळे मागून लागले आणि खोली भरून गेली. थोड्या वेळाने दाराकडे पाहिलं तर ती तिथे नव्हती.

गुरुवारी सकाळी भाऊजी हाक मारून उठेनात. तेव्हा तिने कोणाला विचारलं नाही. कारखान्याच्या टेम्पोवाल्याला बोलावून आणलं, दोघांनी मिळून त्यांना खाली नेलं. आमचे हे म्हणत होते, संध्याकाळपर्यंत थांबू. तिने ह्यांना ढकललं. पंचाला ढकलणारी आमच्यात तीच पहिली. पण उशीर झाला होता. दुपारी तीनला भाऊजी गेले.

मंडळीत आता पेच पडला. देवाने बरं केलेला माणूस मेला कसा? दफन झाल्यानंतरच्या रविवारी अर्थवाल्या बाईंनी तो सोडवला. "दार उघडलं होतं. ते आतून परत लावलं गेलं." झालं, वड्याचं तेल वांग्यावर. देवाचं बोलणं जिच्या तोंडून आलं तिनेच ते खोटं म्हटलं. संशय घेतला. झोपेत सुई टोचायला गेली. मग देव तरी काय करणार?

गंमत बघा, तिची खुर्ची मात्र कोणी काढून घेतली नाही. काढून घेणार कशी? दान खोटं म्हटलं की निरोपही खोटा ठरतो. म्हणून ती चौथ्या रांगेत बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. बायका मुलांना तिच्या हातचं पाणी पिऊ देत नाहीत. कोरडी म्हणणंही बंद झालं आहे. आता तिला कोणी काहीच म्हणत नाही. तुम्ही म्हणाल, मग ती येते कशाला? तिला जायला दुसरं ठिकाण नाही. माणसं म्हणून तिला आम्हीच आहोत.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी ती घरी आली. हे बाहेर गेले होते. मी चहा टाकला. ती कप हातात धरून बसली. वाळून काटकी झाली होती.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही मला शिकवलं होतंत ना?"

मी माझ्या कपातली साय बोटाने बाजूला केली.

"मला आता नीट आठवत नाही," ती म्हणाली. "रोज आठवायला बसते. तो नळ आठवतो. आपण हसलो ते आठवतं. पण सभेत त्या दिवशी शेवटी शेवटी जीभ आपोआप चालली होती. मी चालवत नव्हते. सगळे म्हणतात, ते देवाचं होतं आणि शिकवल्याचं मी मनाने रचलं, भीतीपोटी. मला कधी कधी तेच खरं वाटतं. तुम्ही शिकवलं असेल तर ते देवाचं नव्हतं. मग मी नाकारलं त्यात पाप नाही. आमचे हे गेले ते सुई नव्हती म्हणून. आणि शिकवलं नसेल, तर माझ्या नाकारण्याने गेले. यातलं कुठलं तेवढंच सांगा. मी बाहेर कोणाला बोलणार नाही."

आणि ती खरंच बोलली नसती. मला माहीत होतं. घरात आम्ही दोघीच, या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. माझी खुर्ची गेली नसती, ह्यांचं पंचपद गेलं नसतं. एक "हो" म्हटलं असतं तर ती रात्री झोपली असती. पण तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं म्हटलं तर ते ठेवायला दुसरी जागा एकच होती. ते माझ्याच्याने झालं नाही. राग आला असेल तर येऊ द्या. तुम्हीही कोणाचं ओझं असं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं असेल, तर सांगा मला.

मी तिचा हात हातात घेतला. तिची बोटं गार पडली होती.

"अगं," मी म्हटलं, "मी कशी शिकवणार? ते देवाचंच होतं."

तिने मान हलवली. दोनदा, तीनदा. "हो ना," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. मग मीच मारलं त्यांना."

"देव क्षमा करतो."

"ताई, माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

ती खुर्चीवरून उतरून खाली गुडघ्यांवर बसली, डोकं पुढे करून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. अन्य भाषेत केली, चांगली लांब. शेवटी ती आमेन म्हणाली.